झाकण न लावलेला संगणक

घरगुती संगणक म्हणजे एखाद्या कुटुंबाने स्वतःच्या पैशाने, शिकण्यासाठी, खेळण्यासाठी किंवा निव्वळ कुतूहलापोटी घरात आणलेले गणकयंत्र, अशी व्याख्या केली तर मुंबईच्या उपनगरांतील त्याचा इतिहास १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सुरू होतो. यंत्र विकणारा, वापरणारा आणि चालू ठेवणारा ही या इतिहासात बहुतेक वेळा तीन वेगळी माणसे असत. विकणारा ग्रँट रोडला किंवा थेट परदेशात असे. वापरणारा अंधेरी, बोरिवली, घाटकोपर किंवा मुलुंडच्या एखाद्या सोसायटीत दोन खोल्यांच्या घरात राहत असे. आणि चालू ठेवणारा त्याच इमारतीच्या वरच्या मजल्यावर, पुढच्या गल्लीत किंवा सकाळच्या लोकलच्या नेहमीच्या डब्यात भेटे. या तिसऱ्या माणसाला ठरावीक नाव नव्हते. ‘त्यातलं कळणारा’ एवढ्या वर्णनावर त्याची ओळख भागत असे. तो पैसे घेत नसे, चहा मात्र घेई, आणि त्याच्या स्वतःच्या संगणकाला बहुधा झाकण नसे, कारण जो पेटारा आठवड्यातून दोनदा उघडायचा त्याचे स्क्रू पुन्हा पुन्हा आवळत बसण्यात अर्थ नव्हता. बाजाराने उपनगरांना यंत्रे विकली खरी, पण त्या यंत्रांचा संगणक या माणसांनी केला.

अशी माणसे उपनगरांत दाटीने सापडावीत याला कारणे होती. पवईची आयआयटी १९५८ मध्ये स्थापन झाली. अंधेरी पूर्वेला १९७३ मध्ये सीप्झ, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या निर्यातीसाठी राखलेला विभाग, उभा राहिला. अणुशक्तिनगरात अणुसंशोधन केंद्राची वसाहत होती. आणि जुहूला राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, म्हणजे एनसीएसटी, काम करीत होते. ‘अर्नेट’ या शैक्षणिक संगणकजाळ्याच्या उभारणीत १९८६-८७ च्या सुमारास जुहूचे हे केंद्र आणि पवईची आयआयटी यांच्यामध्ये साध्या टेलिफोनच्या तारेवरून विद्युत्-टपालाची देवाणघेवाण सुरू झाली. भारतातील ईमेलच्या आरंभीच्या खटपटींपैकी एक अशा रीतीने उपनगरातून उपनगरात झाली, ही बाब उपनगरांचा इतिहास लिहिणाऱ्यांच्या नजरेतून सहसा निसटते. तथापि मोठ्या संस्थांतले ज्ञान घरगुती यंत्राला जसेच्या तसे उपयोगी पडत नसे. वातानुकूलित दालनातील महासंगणकावर काम करणारा अभियंता घरी आल्यावर शेजाऱ्याच्या कॅसेट प्लेअरपुढे हतबल होऊ शके, आणि नववीतला मुलगा ते काम दोन मिनिटांत उरकी. १९६५ मध्ये स्थापन झालेली कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडिया, जिचे मुख्यालय आज अंधेरीच्या एमआयडीसीत आहे, ही व्यावसायिकांची संस्था होती. हौशी माणसाची अडचण तिच्या व्याख्यानमालांत बसणारी नव्हती.

या विषयावर लिहिताना कॅलिफोर्नियातील होमब्रू कॉम्प्युटर क्लबचा दाखला देण्याची प्रथा आहे. ५ मार्च १९७५ रोजी मेन्लो पार्क येथे एका गॅरेजमध्ये त्याची पहिली बैठक भरली आणि त्यातून पुढे मोठ्या कंपन्या निघाल्या. मुंबईच्या उपनगरांत गॅरेज हा प्रकारच नसल्याने ही तुलना फार ताणता येत नाही. येथे हौशी इलेक्ट्रॉनिक्सची शाळा भरली ती गॅलरीत आणि गणेशोत्सवाच्या मांडवात. ५५५ आणि ४०१७ या क्रमांकांच्या दोन आयसी, म्हणजे एका चिपवर बसवलेली तयार मंडले, एकमेकांना जोडून दिव्यांची पळती माळ करणे हा सजावटीतला नित्याचा उद्योग होता. पहिली आयसी ठेका देते, दुसरी त्या ठेक्यावर एकेक दिवा पुढे सरकवते. १९६९ पासून निघणारे ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’ हे मासिक अशा आराखड्यांसाठी हातोहाती फिरे. ज्या मुलांनी आरास करताना पहिला चटका खाल्ला, सोल्डरिंग गन धरायला शिकले आणि ‘सुका जोड’, म्हणजे वरून पक्का दिसणारा पण आतून वीज न नेणारा जोड, ओळखायला शिकले, त्यांच्याच हाती पुढे संगणक आले.

कॅसेटवरचे सॉफ्टवेअर

नोव्हेंबर १९८४ मध्ये केंद्र सरकारने नवे संगणक धोरण जाहीर केले, आयातीवरचे निर्बंध आणि कर सैल झाले, आणि त्याच सुमारास ‘क्लास’ या शालेय प्रकल्पाखाली ब्रिटनचे बीबीसी मायक्रो हे संगणक देशातल्या सुमारे २५० शाळांत पोहोचले. घरात मात्र जे यंत्र शिरले ते दुसरेच होते. १९८२ मध्ये ब्रिटनमध्ये विक्रीस आलेला सिंक्लेअर कंपनीचा झेडएक्स स्पेक्ट्रम हा रबरी कळांचा, पुस्तकाएवढा संगणक आखातातून किंवा विलायतेहून परतणाऱ्या नातलगांच्या सामानातून येऊ लागला. पुढे पुण्याच्या डेसीबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने त्याच्या सुधारित आवृत्तीची परवानाप्राप्त निर्मिती ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ या नावाने केली. यंत्राची स्मृती ४८ किलोबाइट, म्हणजे एका मध्यम लांबीच्या कादंबरिकेच्या अक्षरांइतकीही नव्हती.

स्पेक्ट्रमला स्वतःचा पडदा नव्हता, तो घरच्या दूरचित्रवाणी संचाला जोडायचा असे. आणि पहिली अडचण तेथेच उभी राही. ब्रिटिश बनावटीचे यंत्र आपले चित्र यूएचएफ पट्ट्यातील ३६ व्या वाहिनीवर पाठवी, तर मुंबई दूरदर्शनचे प्रक्षेपण व्हीएचएफ पट्ट्यात असल्याने त्या काळच्या अनेक भारतीय संचांना यूएचएफ पकडताच येत नसे. यंत्र चालू आहे, संचही चालू आहे, पडद्यावर मात्र मुंग्या. यावर उपाय म्हणजे यंत्र उघडून मॉड्युलेटर नावाच्या डबीच्या आधीच चित्राचा मूळ संकेत बाहेर काढायचा आणि तो संचाच्या आतल्या योग्य जागी द्यायचा. दोन्ही यंत्रे हमीपत्रांसकट उघडावी लागत, त्यांतले एक म्हणजे घरातला एकमेव टीव्ही असे, आणि आठवड्यातल्या एका संध्याकाळी त्यावर ‘छायागीत’ हा चित्रपटगीतांचा कार्यक्रम असे. ज्याने हे एकदा यशस्वीपणे केले त्याला नंतर आजूबाजूच्या चार इमारतींतून बोलावणी येत, यात नवल नाही.

दुसरी अडचण कॅसेटची. स्पेक्ट्रमचे प्रोग्रॅम साध्या ध्वनिफितीवर किरकिऱ्या आवाजाच्या रूपात साठवलेले असत आणि एखादा मोठा खेळ यंत्रात उतरायला पाचेक मिनिटे लागत. फीत वाचणाऱ्या डोक्याचा, म्हणजे हेडचा, फितीशी होणारा कोन ज्या टेपरेकॉर्डरवर ती भरली त्याच्यापेक्षा किंचित वेगळा असला की उंच स्वर बोथट होत आणि चौथ्या मिनिटाला ‘टेप लोडिंग एरर’ असा निरोप येऊन सारे पाण्यात जाई. हेडच्या शेजारी एक बारीक स्क्रू असतो. तो पेचकसाने केसभर फिरवत, आवाज सर्वांत तीक्ष्ण कधी लागतो हे कानाने ओळखायचे असते. तबला स्वरात लावणे आणि हा स्क्रू फिरवणे यांतले साम्य दाखवण्याचा मोह टाळला तरी एवढे म्हणता येईल की हे ज्ञान लिहून देता येण्याजोगे नव्हते. ते शेजारी बसून ऐकावे लागे. आणि एका घरची कॅसेट दुसऱ्या घरी चालत नसल्याने माणसांना टेपरेकॉर्डर बगलेत मारून एकमेकांकडे जावेच लागे. यंत्राच्या दोषाने माणसे जोडली असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. यंत्र निर्दोष असते तर ती इतक्या वेळा भेटली नसती, एवढे मात्र खरे.

जॉयस्टिक, म्हणजे खेळातील पात्र हलवण्याची दांडी, हे साधन या यंत्राला थेट लागत नसे. मागच्या बाजूच्या उघड्या पट्टीवर आधी एक मध्यस्थ मंडल बसवावे लागे, आणि केम्प्स्टन कंपनीने रूढ केलेली त्याची रचना इतकी सोपी होती की मोजक्या आयसींत ते घरीच जोडता येई. ती पट्टी मात्र उपनगरांतल्या खाऱ्या, दमट हवेत काळवंडे, आणि तिच्यावर शाळकरी खोडरबर घासणे हा जो उपाय त्या काळी निघाला तो पुढे तीस वर्षे टिकला.

लॅमिंग्टन रोडपासूनचे अंतर

१९८० च्या दशकाच्या अखेरीपासून स्पेक्ट्रमची जागा पीसीने घेतली. पीसी म्हणजे आयबीएमने १९८१ मध्ये बाजारात आणलेल्या संगणकाच्या नमुन्यावर, कोणत्याही कंपनीचे सुटे भाग एकत्र करून बनवता येणारे यंत्र; अशा जोडयंत्राला बाजारात ‘असेंबल्ड’ म्हणत आणि कंपनीच्या शिक्क्याच्या यंत्रापेक्षा ते बरेच स्वस्त पडे. सुटे भाग मिळण्याची जागा एकच, ग्रँट रोड स्थानकाजवळचा लॅमिंग्टन रोड, ज्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असले तरी ते नाव उच्चारून तेथे कोणी गेल्याचे ऐकिवात नाही. बोरिवली किंवा अंधेरीहून पश्चिम रेल्वेने सरळ जाता येई. मुलुंड आणि घाटकोपरकरांना दादरला उतरून, पूल चढून, गाडी बदलावी लागे. तो बाजार रविवारी बंद, आणि नोकरदाराला सवड रविवारीच. म्हणजे शनिवारी दुपारी घाईघाईने आणलेला भाग घरी येऊन बसला नाही, तर पुढचा पूर्ण आठवडा यंत्र पांगळे. उपनगरांतली परस्परमदत फुलली ती या एका बंद रविवारामुळे, असा निष्कर्ष काढला तर तो फारसा अतिशयोक्त होणार नाही.

पूर्व आणि पश्चिम उपनगरांमधले अंतर हाही या कथेचा भाग आहे. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो ८ जून २०१४ रोजी सुरू होईपर्यंत अंधेरी आणि घाटकोपर यांना जोडणारे साधन म्हणजे अंधेरी-कुर्ला रस्त्यावर रखडणारी बेस्टची ३४० क्रमांकाची बस. परिणामी हौशी मंडळींची वर्तुळे रेल्वेमार्गांनुसार पडली. पश्चिमेकडे एखादा उपाय सापडला तरी तो पूर्वेकडे पोहोचे तो पवईच्या वसतिगृहातून, सीप्झच्या कँटीनमधून किंवा दादरच्या पुलावरून.

या माणसांकडे येणाऱ्या तक्रारींचे स्वरूप पाहिले की त्या काळच्या यंत्राची कल्पना येते. डॉस ही तेव्हाची संचालन प्रणाली, म्हणजे यंत्र आणि प्रोग्रॅम यांच्यामधला कारभारी. यंत्रात चार मेगाबाइट स्मृती बसवलेली असली तरी हा कारभारी साधे प्रोग्रॅम पहिल्या ६४० किलोबाइटमध्येच चालवी. त्यातच माऊसचा, सीडीचा आणि ध्वनिकार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे त्या त्या उपकरणाची भाषा जाणणारा छोटा प्रोग्रॅम, जागा अडवून बसे. मग ‘कॉन्फिग’ आणि ‘ऑटोएक्झेक’ या दोन फायलींतल्या ओळी वरखाली करून, काही ड्रायव्हरांना वरच्या स्मृतीत हलवून, पाच-पाच किलोबाइट वाचवावे लागत. दोन खोल्यांत सात माणसे झोपवण्याची सवय असलेल्या शहराला हे गणित परके वाटले नसावे.

दुसरी नेहमीची तक्रार अशी की माऊस हलवला की फोन तुटतो. तिचे कारण वरकरणी गूढ वाटले तरी साधे होते. प्रत्येक उपकरण प्रक्रियकाचे लक्ष वेधण्यासाठी एक ठरावीक तार वापरते, तिला आयआरक्यू म्हणतात. पहिल्या आणि तिसऱ्या सिरियल दाराची तार एकच, चौथ्या क्रमांकाची, असे. आणि माऊस पहिल्या दाराला व आतला मोडेम, म्हणजे संगणकाला टेलिफोनच्या तारेशी जोडणारे कार्ड, तिसऱ्या दारावर बसवला की एकाने हाक मारताच दुसऱ्याचे काम विस्कटे. मोडेमवरचा जंपर, म्हणजे दोन टाचण्यांवर बसणारी नखाएवढी टोपी, एक घर सरकवली की प्रश्न सुटे. दहा सेकंदांचे काम, पण ज्याला ठाऊक नाही त्याचे दोन महिने त्यात गेलेले असत, आणि मोडेम बदलून आणण्यासाठी लॅमिंग्टन रोडच्या दोन फेऱ्याही झालेल्या असत.

बाकीच्या तक्रारी हवेच्या आणि विजेच्या. पावसाळ्यात स्मृतीच्या पट्टीचे सोनेरी काठ काळवंडून यंत्र सुरू होताना नुसते पिपाणीसारखे वाजे. पट्टी काढून, काठ खोडरबराने पुसून, पुन्हा बसवली की चाले. फ्लॉपीवर, म्हणजे चुंबकीय तबकडीवर, बुरशी चढे, आणि अशी एक फ्लॉपी यंत्रात घातली की वाचक डोके माखून पुढच्या चांगल्या फ्लॉप्याही खराब होत. सांसर्गिक रोगाचा नियम येथे शब्दशः लागू होता. जुन्या चाळींत आणि इमारतींत तीन पिनांच्या सॉकेटचे तिसरे भोक पुष्कळदा निव्वळ शोभेचे असे. अर्थिंग, म्हणजे गळती वीज जमिनीत नेणारी तार, जोडलेलीच नसल्याने पेटाऱ्याला हात लावताच मुंग्या येत, कारण पीसीच्या वीजपुरवठा-डबीतील गाळणी मंडल थोडी वीज पेटाऱ्याकडे सोडतेच. त्यातलं कळणारा माणूस येऊन प्रथम टेस्टरने सॉकेट तपासी, संगणक नंतर पाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा तळमजल्यांवरच्या घरांतून या मंडळींना बोलावणी आली ती वेगळ्याच कामासाठी. चिखल शिरलेले यंत्र लगेच सुरू न करता भाग सुटे करून, स्वच्छ पाण्याने व स्पिरिटने धुऊन, दिवसचे दिवस पंख्याखाली वाळवायचे असते, हे पटवणे हेच त्यातले मोठे काम होते.

उसनवारी, नक्कल आणि कायदा

या परस्परमदतीचा मोठा भाग सरळसरळ नक्कल होता, ही गोष्ट गौरवीकरणाच्या भरात दडवण्यात हशील नाही. एक मोठा प्रोग्रॅम १.४४ मेगाबाइटच्या दहा-बारा फ्लॉप्यांत तुकडे करून भरायचा, त्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून लोकलने न्यायच्या, आणि घरी जाऊन उलगडताना नेमकी अकरावी फ्लॉपी वाचता न येणे हा अनुभव इतका सार्वत्रिक होता की अकरावीच्या दोन प्रती नेण्याचा शहाणपणा अनेकांना स्वतंत्रपणे सुचला असावा. कायदा याबाबत गप्प नव्हता. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ च्या दुरुस्तीने संगणक प्रोग्रॅमचा समावेश वाङ्मयीन कृतीत झाला. १९९४ च्या दुरुस्तीने, जी १९९५ च्या मे महिन्यात अमलात आली, बेकायदा प्रत आहे हे जाणून ती संगणकावर वापरणाऱ्याला किमान सात दिवसांच्या कैदेची तरतूद झाली. तरीही ग्रंथसंग्रहालयाची वर्गणी नेमाने भरणारा, पुस्तक परत न करणाऱ्याला नावे ठेवणारा मध्यमवर्गीय गृहस्थ फ्लॉपीची नक्कल करताना कचरत नसे. त्याच्या लेखी ती शेजाऱ्याकडची वाटीभर साखर होती, फरक इतकाच की देणाऱ्याच्या डब्यातली कमी होत नसे. मूळ किंमत डॉलरात होती आणि पगार रुपयांत, हे त्याचे समर्थन समजण्याजोगे असले तरी त्याचा फटका परदेशी कंपन्यांबरोबरच पुण्या-मुंबईत मराठी अक्षरांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या छोट्या उद्योजकांनाही बसला, आणि त्याची खंत या वर्तुळांत फारशी कोणी केली नाही.

नकलेबरोबर विषाणू आले. संगणकीय विषाणू म्हणजे स्वतःची प्रत दुसऱ्या प्रोग्रॅमला चिकटवणारा प्रोग्रॅम; १९८६ मध्ये लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ हा पीसीवरचा पहिला व्यापक विषाणू फ्लॉप्यांमधून जगभर गेला. महाराष्ट्रातील या क्षेत्राचे सर्वांत ठळक यश याच रोगातून आले. पुण्यात कॅल्क्युलेटर आणि पुढे संगणक दुरुस्त करणारे कैलाश काटकर यांच्याकडे विषाणूने बिघडलेली यंत्रे वारंवार येत. त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी त्यावर प्रोग्रॅम लिहिले, १९९० च्या दशकाच्या मध्यास डॉससाठीचे उत्पादन बाजारात आले आणि त्यातून क्विक हील ही कंपनी उभी राहिली. दुरुस्तीच्या टेबलावरून उत्पादनाकडे जाण्याचा हा मार्ग मुंबईच्या हौशींनी क्वचितच धरला, बहुधा त्यांना नोकऱ्या होत्या म्हणून.

२६ एप्रिल १९९९ या तारखेला सीआयएच नावाचा विषाणू जागा झाला. तैवानमधील एका विद्यार्थ्याने लिहिलेल्या या विषाणूने तबकडीवरची माहिती तर पुसलीच, शिवाय काही यंत्रांच्या बायॉस चिपवरचा मजकूरही उद्ध्वस्त केला. बायॉस म्हणजे वीज येताच यंत्राला जागे करणारा मूळ प्रोग्रॅम. तोच गेल्यावर पडद्यावर काहीही उमटत नाही आणि ज्या यंत्राने चिप दुरुस्त करायची ते यंत्रच सुरू होत नाही. यावर हौशी मंडळी जो उपाय करीत तो धाडसाचा होता. तशाच मदरबोर्डचे, म्हणजे मुख्य मंडलाचे, दुसरे निरोगी यंत्र गाठायचे, ते सुरू करायचे, आणि वीज चालू असतानाच त्याची चिप हलकेच उपटून त्या जागी मेलेली चिप बसवायची. यंत्र एव्हाना स्मृतीतून चालत असल्याने बंद पडत नाही, आणि मग त्या मेलेल्या चिपवर मजकूर पुन्हा लिहिता येतो. हात थरथरला तर दोन्ही यंत्रे जाणार. स्वतःचे धडधाकट यंत्र दुसऱ्याच्या चिपसाठी असे पणाला लावणाऱ्याला बाजारभावाने किती मोबदला द्यावा, याचा दर कोठेही ठरलेला नव्हता.

टेलिफोन, लिनक्स आणि मराठी अक्षर

शिकागोत १९७८ मध्ये सुरू झालेला बुलेटिन बोर्ड हा प्रकार, म्हणजे एखाद्याच्या घरी चालू ठेवलेला संगणक ज्याला इतरांनी मोडेमवरून फोन करून निरोप आणि फायली ठेवायच्या, १९९० च्या दशकात मुंबईतही होता. ‘लाइव्ह वायर’ हे त्यातले गाजलेले नाव. दूरसंचार खात्याने १८८५ च्या तार कायद्याच्या चौकटीतून अशा हौशी सेवांकडे पाहिले आणि लाखो रुपयांच्या वार्षिक परवाना शुल्काची टांगती तलवार त्यांच्यावर ठेवली. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट खुले केले आणि हा वाद आपोआप मागे पडला.

त्याच सुमारास लिनक्स आले. लिनक्स ही १९९१ मध्ये जन्मलेली, कोणीही वापरावी, बदलावी, वाटावी अशा परवान्याची संचालन प्रणाली. १९९६ मध्ये ‘पीसी क्वेस्ट’ या मासिकाने आपल्या सीडीवर ती देऊ केली, आणि मंद मोडेमवरून जी उतरवायला आठवडे लागले असते ती स्टॉलवर मिळू लागली. या प्रसारात त्या मासिकातून लिहिणारे बंगळूरुचे अतुल चिटणीस (१९६२–२०१३) यांचा वाटा मोठा होता. मुंबईत लिनक्स वापरणाऱ्यांचा गट उभा राहिला. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातील नागार्जुन जी. हे मुक्त सॉफ्टवेअरच्या भारतीय प्रतिष्ठानाचे कार्य करू लागले. आजवर चोरून होणारी वाटावाट आता परवान्यानेच विहित झाली, हा बदल नैतिक दृष्ट्या मोठा होता. व्यवहारात मात्र जुनाच त्रास नव्या नावाने आला. बाजारात मिळणारे स्वस्त आतले मोडेम ‘विनमोडेम’ प्रकारचे असत, म्हणजे मोडेमचे बरेचसे काम विंडोजमधला ड्रायव्हर करी. लिनक्सवर ते नुसते पत्र्याचे तुकडे. मग बाहेरून लावायचा महागडा मोडेम उसना आणायचा, त्यावरून इंटरनेट गाठायचे आणि स्वतःच्या मोडेमचा इलाज शोधायचा.

या वर्तुळांची एक मर्यादाही नोंदवली पाहिजे. ती पुरुषांची, त्यातही इंग्रजी वाचू शकणाऱ्या मुलांची होती. शेजाऱ्याच्या घरी रात्री अकरापर्यंत पेटारा उघडून बसण्याची मुभा मुलींना नव्हती. त्यांच्यापैकी बहुतेकींना संगणक भेटला तो क्लासमध्ये, आणि मराठी माध्यमातून शिकलेल्यांना तर २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनच्या एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमातून.

मराठी अक्षरांची अडचण मात्र सर्वांची होती. डॉसच्या काळात पुण्याच्या सी-डॅकचे ‘जिस्ट’ कार्ड यंत्रात बसवले की पडद्यावर देवनागरी उमटे. विंडोज आल्यावर निरनिराळ्या कंपन्यांचे फाँट, म्हणजे अक्षरसंच, निघाले. त्यांत इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असत आणि कोणता तुकडा कोठे याबाबत दोन कंपन्यांचे एकमत नसे. त्यामुळे बोरिवलीत टाइप केलेली लग्नपत्रिका मुलुंडच्या यंत्रावर उघडली की चिन्हांचा कचरा दिसे, आणि ‘फाँटसकट पाठव’ हे वाक्य त्या काळी निरोपाइतकेच रुळले. युनिकोड या जागतिक संकेताने प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक दिला. जुहूच्या एनसीएसटीत काम करणारे सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवलेला ‘मंगल’ हा फाँट विंडोज २००० बरोबर घरोघरी पोहोचला. तरी विंडोज एक्सपीत मराठी आपोआप दिसत नसे. प्रादेशिक भाषांच्या खिडकीत जाऊन गुंतागुंतीच्या लिप्यांच्या चौकोनात खूण करायची, आणि मग यंत्र मूळ सीडी मागे. ती सीडी ज्याच्याकडे असे, त्याची रविवारची सकाळ पुन्हा एकदा दुसऱ्यांच्या घरी जाई.

माटुंग्याच्या व्हीजेटीआयमधील प्रा. जितेंद्र शहा यांच्या इंडिकट्रान्स गटाचा ‘गार्गी’, रेड हॅटने २००४ मध्ये खुला केलेला ‘लोहित’ आणि पुढे ‘एक टाइप’ या मुंबईच्या अक्षररचनाकारांचा ‘मुक्ता’ हे परवान्याने मुक्त फाँट आले, तेव्हा तपासणीचे काम हौशींनीच केले, कारण मराठीची खोड परदेशी अभियंत्याला कळणे शक्य नव्हते. मराठीत ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे दोन वेगळे शब्द आहेत. पहिल्यात गुरू आहेत, दुसऱ्यात स्वयंपाकी. ‘ऱ्य’मधला तो आडवा र, ज्याला पापणीसारख्या आकारामुळे इंग्रजीत पापणीचा र म्हणतात, हिंदीत लागत नाही, म्हणून हिंदीसाठी केलेल्या व्यवस्थेत तो हटकून मोडे आणि पंगतीचे आमंत्रण मठात जाई. इनस्क्रिप्ट या प्रमाण कळफलकावर तो काढायची रीत अशी की शिफ्टसह जे, मग डी, मग तिरकी रेघ. ती रीत कागदाच्या चिठोरीवर लिहून पडद्याच्या कडेला चिकटवून देणे ही शेजारधर्माची एक लहानशी, पण फार टिकाऊ सेवा ठरली.

पेटारा पुन्हा उघडतो

गेल्या पंधरा वर्षांत यंत्रे बंद झाली, म्हणजे अक्षरशः चिकटवली गेली. लॅपटॉपमध्ये स्मृती मंडलावरच सोल्डर केलेली असते, तेथे खोडरबराला जागा नाही. ड्रायव्हर आपोआप येतात. आणि अडचण आली तर माणूस फोनवर चित्रफीत पाहतो. हौशींचे हात दुसऱ्या साहित्याकडे वळले. २०१३ मध्ये वांद्र्याला सुरू झालेली आणि पुढे अंधेरीत नांदलेली ‘मेकर्स असायलम’ ही सामायिक कार्यशाळा, जी नंतर गोव्याला गेली, तेथे लाकूड, लेसर आणि त्रिमिती छपाईयंत्रे होती. एका छताखाली हत्यारे ठेवून वर्गणी घेण्याची ही पद्धत जुन्या वर्तुळांपेक्षा अधिक नीटस. मात्र अनोळखी माणसाच्या घरी जाऊन त्याचा टेस्टर मागण्यातला संकोच आणि त्यानंतरचा चहा तिच्यात नव्हता.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी, दिवाळीच्या आदल्या आठवड्यात, विंडोज १० चा नियमित आधार संपला. तिच्या जागी येणाऱ्या विंडोज ११ ला टीपीएम २.०, म्हणजे सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी चिप, आणि बऱ्यापैकी अलीकडचा प्रक्रियक लागतो. त्यामुळे उत्तम चालणारी असंख्य घरगुती यंत्रे कागदोपत्री निकामी ठरली. केडीई या मुक्त सॉफ्टवेअर गटाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ‘एंड ऑफ टेन’ ही मोहीम काढून अशा यंत्रांवर लिनक्स बसवून देणाऱ्या स्वयंसेवकांची गाठ घालून देण्याचा प्रयत्न चालवला आहे. उपनगरांतल्या घरांत त्याचा अर्थ इतकाच की बैठ्या मेजावरच्या पेटाऱ्याचे स्क्रू पुन्हा सैल होतात, चक्री तबकडीच्या जागी एसएसडी, म्हणजे हलते भाग नसलेला साठा, बसतो, स्मृतीची पट्टी काढून तिचा काठ घासला जातो, आणि नवी प्रणाली सुरू झाल्यावर मराठी कळफलक चालू करून त्यातलं कळणारा माणूस पहिला शब्द टाइप करून पाहतो: आचाऱ्यांना.